मध जाळून बनवतात ती मीड: 'बोशे' म्हणजे काय आणि तिचं खरं कसब कुठे आहे?

मोठ्या पातेल्यात मध उकळतोय. वर फेस चढतोय. सोनेरी रंग आधी तांबूस होतो, मग तपकिरी, मग जवळजवळ काळा. बुडबुडे फुटताना त्यातून धूर निघतोय आणि कुणीतरी लांब दांड्याच्या पळीने तो ढवळतच राहिलंय. घरी मीड बनवणाऱ्या परदेशी मंडळींचे व्हिडिओ तुमच्या फीडमध्ये येत असतील, तर हे दृश्य तुम्हीही पाहिलं असेल.

पाहणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो, की एवढा महाग मध हे लोक जाळतायत कशाला?

या पेयाचं नाव आहे 'बोशे'. नाव फ्रेंच आणि कृती सहाशे वर्षांहून जुनी. गेल्या काही वर्षांत अमेरिका आणि युरोपातल्या हौशी मंडळींनी ती पुन्हा करून पाहायला घेतली आहे. दिसायला सोपी, पण एक मिनिट इकडे-तिकडे झालं तरी सगळी चव बदलते. आणि ते बदलल्याचं कळतं कित्येक महिन्यांनी, बाटली उघडल्यावर.

हे नेमकं कसं घडतं, मध तापल्यावर त्यात काय होतं, धोका कुठे आहे आणि महाराष्ट्रात हे घरी करता येतं का, ते एकेक करून पाहू.

आधी मीड म्हणजे काय?

मध आणि पाणी एकत्र करून यीस्टच्या मदतीने आंबवलं की मीड तयार होते. द्राक्षांपासून वाइन, बार्लीपासून बिअर, तशी मधापासून मीड. माणसाने बनवलेल्या सगळ्यात जुन्या मद्यांमध्ये तिची गणना होते. गंमत म्हणजे 'मीड' हा इंग्रजी शब्द आणि आपला 'मधु' हे एकाच प्राचीन मुळातून आलेले आहेत.

साध्या मीडसाठी मध कच्चाच वापरतात किंवा पाण्यात नीट विरघळेल इतपत कोमट करतात. कारण मधाचा फुलांचा सुगंध उष्णतेने उडून जातो. बोशेमध्ये याच्या बरोबर उलट करतात. आधी नुसता मध पातेल्यात शिजवून त्याचं कॅरमल करायचं आणि मग त्यात पाणी आणि यीस्ट घालायचं. फुलांचा सुगंध जातो. त्याच्या बदल्यात टॉफी, भाजलेला मार्शमेलो, कॉफी, डार्क चॉकलेट अशा चवी येतात.

१३९३च्या सुमाराची कृती

बोशेची सगळ्यात प्रसिद्ध जुनी कृती 'ल मेनाजिए द पारी' या फ्रेंच ग्रंथात आहे. हा ग्रंथ १३९३च्या सुमाराचा. पॅरिसमधल्या एका वयस्क गृहस्थाने आपल्या १५ वर्षांच्या पत्नीला घरसंसार शिकवण्यासाठी तो लिहिला, अशी त्याची मांडणी आहे. बागकाम, नोकरचाकर, धर्मकर्म आणि भरपूर पाककृती असं सगळं त्यात आहे. तो छापून आला मात्र १८४६मध्ये.

यातली बोशेची कृती आजाऱ्यांसाठीच्या पेयांमध्ये दिलेली आहे, हे विशेष.

कृती साधारण अशी आहे. चांगला गोड मध कढईत घालून उकळायचा आणि ढवळत राहायचं. तो फुगायला लागतो. त्यावर छोटे बुडबुडे येऊन फुटतात आणि फुटताना थोडा काळपट धूर सोडतात. ही खूण दिसली की पाणी घालायचं आणि ते आटेपर्यंत पुन्हा उकळायचं. कोमट झालं की कापडाच्या पिशवीतून गाळायचं, पिंपात भरायचं आणि त्यात बिअरचं विरजण, म्हणजे यीस्ट, घालायचं. पावाचं विरजणही चालतं, पण रंग फिका पडतो, असंही लेखकाने सांगून ठेवलंय. मग पिंप नीट झाकून उबदार जागी ठेवायचं.

आणखी चांगली हवी असेल, तर आलं, पिंपळी, 'ग्रेन्स ऑफ पॅराडाइज' नावाचे आफ्रिकेतले तिखट दाणे आणि थोडी लवंग कापडात बांधून पिंपात सोडायची. दोन-तीन दिवसांनी पुरचुंडी पिळून काढायची आणि पुढच्या पिंपाला तीच वापरायची. तीन-चार वेळा चालते! मसाले तेव्हा महाग होते, हे यावरून कळतंच. यातली पिंपळी तर आपल्याकडून व्यापाऱ्यांमार्फत युरोपात पोहोचलेली.

आता या कृतीत काय नाही ते बघा. तापमान नाही. किती मिनिटं शिजवायचं ते नाही. 'काळपट धूर' एवढी एकच खूण आहे. धूर म्हणजे किती धूर? काळपट म्हणजे किती काळपट? आजचे बोशे बनवणारे याच ओळीचे वेगवेगळे अर्थ लावतात. कुणी तांबूस रंगावर थांबतं, कुणी मध कोळशासारखा होईपर्यंत नेतं.

आपल्याकडच्या गुऱ्हाळावर हे दृश्य ओळखीचं वाटेल. काहिलीतला रस कधी गूळ झाला, हे गुळव्या थर्मामीटर लावून सांगत नाही. बुडबुड्यांचा आकार, पाकाची तार आणि वास यांवरून सांगतो. बोशेचं कसबही तिथेच आहे. आच कधी बंद करायची, यावर सगळं ठरतं.

मध तापल्यावर आत काय होतं?

मधात साधारण १७-१८ टक्के पाणी असतं. बाकी बहुतेक साखरच, पण आपल्या डब्यातल्या साखरेपेक्षा वेगळी. त्यात मुख्यतः दोन साध्या साखरा असतात. फ्रुक्टोज सुमारे ३८ टक्के आणि ग्लुकोज सुमारे ३१ टक्के.

पातेलं तापलं की आधी पाणी उडायला लागतं. मध चिकट असल्याने वाफ सहज निसटत नाही, म्हणून प्रचंड फेस येतो. मध मूळ पातळीच्या तिप्पट-चौपट वर चढू शकतो. त्यामुळे अनुभवी लोक पातेलं पाव भागापेक्षा जास्त भरत नाहीत. दूध उतू गेलं तर ओटा पुसता येतो. उकळता मध शेगडीवर उतू गेला, तर तो पेटूही शकतो.

पाणी कमी होत गेलं की तापमान वर चढतं आणि कॅरमल व्हायला सुरुवात होते. साखरेचे रेणू तुटतात, एकमेकांना जोडले जातात आणि त्यातून शेकडो नवे पदार्थ तयार होतात. रंग, वास, कडवटपणा हे सगळं त्यातूनच येतं.

इथे एक बारकावा आहे. साध्या साखरेचं कॅरमल व्हायला साधारण १६० अंश सेल्सिअस लागतात. फ्रुक्टोजचं मात्र ११० अंशांच्या आसपासच सुरू होतं. म्हणून मध साखरेपेक्षा बराच आधी काळपटतो. साखरेच्या पाकाचा अंदाज मधाला लावला, तर तो हमखास करपतो.

सोबत 'मायार्ड अभिक्रिया' नावाची दुसरी प्रक्रियाही थोडी चालते. भाकरीच्या पापुद्र्याला आणि भाजलेल्या कॉफीला खमंगपणा येतो तो तिच्यामुळे. तिला प्रथिनांचे घटक लागतात. मधात ते अगदी कमी असतात, त्यामुळे बोशेत मोठा वाटा कॅरमलचाच राहतो.

कुठे थांबायचं?

मंद ते मध्यम आचेवर मध शिजायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागू शकतो. मध किती, पातेलं केवढं, आच किती, यावर ते अवलंबून आहे. म्हणून घड्याळ लावून बोशे होत नाही. तीन खुणा बघतात.

पहिली खूण रंगाची. पण पातेल्यात खोली असल्याने मध असतो त्यापेक्षा जास्त गडद दिसतो. म्हणून दर पाच मिनिटांनी एक थेंब पांढऱ्या बशीत टाकतात. थेंब ओळीने मांडले की मध कुठून कुठे आला ते बशीवरच दिसतं.

दुसरी खूण वासाची. सुरुवातीला गरम मधाचा, मग टॉफीचा, मग भाजलेल्या मार्शमेलोचा, पुढे कॉफीसारखा. नाकाला झोंबणारा, राखेसारखा वास यायला लागला, म्हणजे मध करपला.

तिसरी खूण चवीची. बशीतला थेंब पूर्ण थंड झाल्यावरच चाखायचा. किंचित कडवट चालतो. जिभेवर राहून जाणारा कडूपणा आला असेल, तर तो पुढे मीडमध्ये आणखी उठून दिसेल. कारण आज जो गोडवा त्याला झाकतोय, त्यातला बराचसा यीस्ट खाऊन टाकणार आहे.

आणि आच बंद केली म्हणजे मध लगेच शिजायचा थांबत नाही. पातेल्यातली उष्णता पुढची काही मिनिटं काम करतच राहते. म्हणून हव्या त्या रंगाच्या जरा आधीच थांबावं लागतं.

सगळ्यात धोक्याचा क्षण

व्हिडिओत हा भाग दोन सेकंदांत उरकतो. काळ्या मधात पाणी ओतलं की भस्सकन वाफ येते आणि पुढचं दृश्य सुरू होतं. प्रत्यक्षात भाजण्याची सगळ्यात जास्त शक्यता इथेच असते.

कारण सोपं आहे. शिजलेला मध १२० अंशांच्याही वर गेलेला असतो. पाणी १०० अंशांना उकळतं. त्यामुळे त्यात पडलेल्या पाण्याची तत्क्षणी वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या साधारण १,७०० पट जागा लागते. ती जागा करताना वाफ सोबत उकळता मध उडवते. गरम पाणी अंगावर पडलं तर ओघळून जातं. मध चिकटून बसतो आणि भाजतच राहतो.

म्हणून जाणकार आधी आच बंद करतात आणि मध थोडा निवू देतात. मग गरम केलेलं पाणी लांब दांड्याच्या पळीने, थोडं थोडं, पातेल्याच्या कडेने सोडतात. पूर्ण बाह्यांचे कपडे, जाड हातमोजे, डोळ्यांना चष्मा, आणि स्वयंपाकघरात लहान मुलं किंवा मांजर-कुत्रा नाही, हे आधी बघतात. फार निवू दिला तर मध टॉफीसारखा घट्ट होऊन तळाला बसतो, त्यामुळे तोही मुहूर्त साधावा लागतो.

भाजलंच, तर नळाच्या वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटं धरायचं. बर्फ किंवा टूथपेस्ट लावायची नाही. फोड आले किंवा जखम मोठी असेल, तर डॉक्टरकडे जायचं.

यीस्टला हा मध जड का जातो?

मध हे तसंही यीस्टचं आवडतं खाद्य नाही. साखर भरपूर, पण वाढीला लागणारा नायट्रोजन फारच कमी. म्हणून साध्या मीडमध्येही यीस्टला वेगळं पोषण द्यावं लागतं. बोशेत आणखी दोन अडचणी वाढतात.

एक, कॅरमल होताना साखरेचा काही भाग अशा मोठ्या रेणूंमध्ये बदलतो, जे यीस्टला खाताच येत नाहीत. ती गोडी आणि तो दाटपणा शेवटपर्यंत पेयात राहतो. बोशे अंगाने भरीव लागते ती यामुळे. मध जितका जास्त शिजवाल, तितकी न आंबणारी साखर जास्त आणि अल्कोहोल कमी.

दोन, तापलेल्या मधात 'एचएमएफ' नावाचा पदार्थ तयार होतो. पूर्ण नाव हायड्रॉक्सिमिथाइलफरफ्युरल. जास्त प्रमाणात असला तर तो यीस्टची वाढ रोखतो. यीस्ट हळूहळू त्याचं कमी त्रासदायक पदार्थात रूपांतर करतं, पण त्यात वेळ जातो. म्हणून बोशेची सुरुवात बऱ्याचदा संथ होते. पहिल्या दिवशी बुडबुडे दिसले नाहीत म्हणून लगेच घाबरायचं कारण नसतं.

यावर सोपा तोडगा म्हणजे सगळा मध न शिजवणं. अर्धा मध गडद शिजवायचा, अर्धा कच्चा ठेवून नंतर घालायचा. यीस्टला खायला साधी साखर मिळते, कॅरमलची चव राहते आणि फुलांचा थोडा सुगंधही वाचतो.

आणि जो मध शिजवायचाच आहे, तो फार उंची असायची गरज नसते. एकाच फुलाचा सुवासिक, महाग मध घेतला आणि तासभर उकळला, तर ज्यासाठी पैसे मोजले तेच वाफेबरोबर जातं. मात्र मध शुद्ध हवा. साखरेचा पाक मिसळलेला असेल, तर सगळा अंदाज चुकतो.

संपली की अडकली?

मद्य आंबवणारे 'हायड्रोमीटर' नावाची काचेची तरंगती नळी वापरतात. ती द्रवाची घनता दाखवते. साखर जास्त असेल तेव्हा घनता जास्त, साखरेचं अल्कोहोल झालं की घनता कमी. आधीच्या आकड्यातून नंतरचा आकडा वजा करायचा आणि १३१.२५ने गुणायचं. अल्कोहोलची टक्केवारी साधारण कळते.

समजा, साधी मीड १.१०० पासून सुरू झाली आणि ०.९९८ वर थांबली. फरक ०.१०२, म्हणजे सुमारे १३ टक्के अल्कोहोल. तितक्याच मधाची बोशे १.०१८ वर थांबली, तर ११ टक्क्यांच्या जवळ.

आता खरी अडचण बघा. बोशे १.०१८ वर थांबली याचे दोन अर्थ होऊ शकतात. यीस्टने खाण्याजोगी सगळी साखर खाल्ली आणि उरली ती न आंबणारी साखर. किंवा यीस्ट दमलं, अडकलं आणि खाण्याजोगी साखर अजून शिल्लक आहे. हायड्रोमीटर फक्त घनता मोजतो. उरलेली साखर आंबणारी आहे की नाही, हे त्याला सांगता येत नाही.

दुसरी शक्यता खरी असेल आणि तुम्ही बाटल्या घट्ट बंद केल्या, तर यीस्ट काही आठवड्यांनी पुन्हा जागं होऊ शकतं. बंद बाटलीत कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि एखाद्या दिवशी बाटली फुटते. काचेचे तुकडे खोलीभर उडतात. घरी मद्य बनवणारे याला 'बॉटल बॉम्ब' म्हणतात.

म्हणून बोशेला घाई चालत नाही. आकडा काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा तपासतात. तो तसूभरही हलत नाही याची खात्री झाल्यावर आणि यीस्ट पुन्हा वाढू नये यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट आणि पोटॅशियम सॉर्बेट योग्य प्रमाणात घातल्यावरच बाटल्या भरतात. तोवर भांड्याच्या तोंडाला एअरलॉक असतो, म्हणजे आतला वायू बाहेर जातो, पण बाहेरची हवा आत येत नाही.

त्यानंतरही सहा महिने ते वर्षभर थांबणारे पुष्कळ जण आहेत. ताज्या बोशेतला करपट तुरटपणा काळाने मवाळ होतो. पण मध खरोखरच जळला असेल, तर थांबून फार फायदा होत नाही.

जाणकार प्रयोग कसा करतात?

एकदम मोठं पिंप भरायचं आणि वर्षभराने कडू निघालं म्हणून ओतून द्यायचं, यात मध, वेळ आणि पैसा तिन्ही जातं. म्हणून जिथे घरी मीड बनवायला परवानगी आहे, तिथले अनुभवी लोक आधी लहान तुकड्यांमध्ये तुलना करतात.

एक-एक लिटरच्या चार बरण्या घेतात. प्रत्येकीसाठी साधारण ३३० ग्रॅम, एकाच डब्यातला मध. पहिली बरणी कच्च्या मधाची. दुसरीत मध तांबूस होईपर्यंत शिजवलेला, तिसरीत गडद तपकिरी, चौथीत जवळजवळ काळा. यीस्ट एकच, पोषण तेवढंच, खोलीही तीच. शिजवताना पाणी उडून मधाचं वजन घटतं, म्हणून शेवटी प्रत्येक बरणी पाण्याने बरोबर एक लिटरपर्यंत भरतात. बदलते ती फक्त एक गोष्ट, मध किती शिजला.

प्रत्येक बरणीवर तारीख, बशीतल्या थेंबाचा रंग, शिजवल्याची मिनिटं आणि हायड्रोमीटरचा आकडा लिहून चिकटवतात. काही महिन्यांनी चारही चाखले की आपल्याला काय आवडतं ते कळतं. बऱ्याचदा उत्तर एका बरणीत नसतं. काळ्या मधाच्या बरणीतला थोडा भाग कच्च्या मधाच्या बरणीत मिसळला, की दोन्हींपेक्षा चांगली चव मिळते. एकटी प्यायला नको वाटणारी काळी बोशे मसाल्यासारखी उपयोगी पडते.

'मध गरम करू नये' म्हणतात, त्याचं काय?

हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. आयुर्वेदात मध तापवून घेऊ नये, असं स्पष्ट सांगितलेलं आहे. तो नियम जे पाळतात, त्यांच्यासाठी बोशे हा विषय तिथेच संपतो.

आधुनिक अन्नशास्त्र मध तापवण्याकडे एचएमएफच्या अंगाने पाहतं. अन्नमानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय 'कोडेक्स'नुसार मधात एचएमएफ किलोला ४० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं. उष्ण प्रदेशातल्या मधासाठी ही मर्यादा ८० मिलिग्रॅम आहे. मध जुना आहे का, जास्त तापवलाय का, हे ओळखायला हा आकडा वापरतात. कॅरमल केलेला मध त्याच्या कितीतरी पुढे जातो. मात्र एचएमएफ भाजलेल्या कॉफीत आणि पावाच्या कडेतही असतं. नेहमीच्या आहारातल्या प्रमाणात त्याने माणसाला अपाय होतो, हे सिद्ध झालेलं नाही.

मधमाश्यांचं तसं नाही. त्यांना एचएमएफ विषारी ठरतं. म्हणून करपलेला, उरलेला मध माश्यांसाठी बाहेर ठेवू नये.

आणि मधापासून बनली म्हणून बोशे औषधी ठरत नाही. चौदाव्या शतकात ती आजाऱ्यांना देत असतील. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट केलंय, की अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही.

यात हातभट्टीसारखा विषबाधेचा धोका असतो का?

घरी बनवलेली दारू म्हटलं की आपल्याला विषारी दारूच्या बातम्या आठवतात. २०१५मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात अशा दारूने शंभरहून जास्त बळी घेतले होते. अशा घटनांमागे सहसा दारूत मिसळलेलं औद्योगिक मिथेनॉल असतं.

मीड फक्त आंबवतात, ती भट्टीवर गाळत नाहीत. आंबवताना मिथेनॉल मुख्यतः फळांमधल्या पेक्टिनपासून तयार होतं आणि मधात पेक्टिन जवळजवळ नसतंच. त्यामुळे नुसत्या मधाच्या मीडमध्ये हा धोका नगण्य असतो. तिथले खरे धोके म्हणजे भाजणं, बाटली फुटणं आणि अस्वच्छ भांड्यांमुळे सगळं नासणं.

महाराष्ट्रात घरी करता येईल का?

थेट उत्तर, नाही.

मद्य हा आपल्याकडे राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा लागू आहे. त्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. 'विकायचं नाही, फक्त घरी प्यायचंय' हा बचाव उपयोगाचा नाही.

अमेरिकेत राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथल्या केंद्रीय कायद्यात मीड वाइनमध्ये मोजली जाते. प्रौढ व्यक्तीला स्वतःच्या वापरासाठी वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, बनवता येते. घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील, तर दुप्पट. विक्री मात्र चालत नाही आणि राज्याचे नियम वेगळे असू शकतात. ब्रिटनमध्येही स्वतःपुरती बनवायला मुभा आहे. तिथे राहणारे मराठी वाचक हा प्रयोग करू शकतात, पण स्थानिक नियम आधी बघूनच.

महाराष्ट्रात मीड चाखायची असेल, तर ती परवानाधारक कंपन्यांची. पुण्याची मूनशाइन मीडरी आणि नाशिकची सेराना मीड्स या त्यातल्या दोन. सेराना हे नाव आपल्याकडच्या सातेरी मधमाशीच्या शास्त्रीय नावातून, 'एपिस सेराना'मधून, घेतलेलं आहे.

मग नुसतं बघतच बसायचं का?

तसंही नाही. बोशेचा निम्मा भाग, म्हणजे मध शिजवणं, हा साधा स्वयंपाक आहे. त्यात अल्कोहोल नाही आणि त्याला परवाना लागत नाही. वर सांगितलेली काळजी मात्र तेवढीच घ्यायची.

उंच, जाड बुडाच्या पातेल्यात २०० ग्रॅम मध घ्या. मंद आचेवर ढवळत राहा. बशीत थेंब टाकत जा. गडद तांबूस झाला की आच बंद करा, थोडा निवू द्या आणि पळीने चमचा-चमचा गरम पाणी घालून सरबतासारखा पातळ करा. थंड झाल्यावर बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवडाभरात संपवा. आइस्क्रीमवर, थंड कॉफीत, सोडा-लिंबात किंवा आल्याच्या सरबतात तो छान लागतो.

बशीतले थेंब लगेच धुऊन टाकू नका. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत ओळीने चाखून बघा. कुठल्या थेंबाला टॉफीची चव होती आणि कुठल्या थेंबापासून कडूपणा सुरू झाला, ते स्वतःच्या जिभेला कळेल. सहाशे वर्षांपूर्वीच्या त्या कृतीत जी मिनिटं लिहिलेली नाहीत, ती शोधायचा हाच सगळ्यात स्वस्त मार्ग आहे.